बाणांची वही

वहीच्या पहिल्या पानावर अजून चिखलाचा अंगठा आहे,
माझा की पेडणेकरसाहेबांचा, आता सांगता येत नाही.
खाली माझंच कोवळं अक्षर:
तळवली ते गोठिवली, पडलेली झाडे मोजणे.

त्या संध्याकाळी वावटळ एक नव्हती, तीन होत्या.
एक दिव्याच्या खाडीत उठली नि पाण्यातच विरली,
एक खारेगावात दोन गोठे उचलून गेली,
आणि ही, आमची,
रबाळ्याच्या कारखान्यांवरून पत्रे सोलत
गावात उतरली. साडेचार मिनिटं, लोक म्हणाले.
घड्याळ कोणी बघितलं असेल?

मी उद्यान विभागात, अकरा महिन्यांच्या करारावर.
हातात टेप, खडू, आणि भाच्याचं होकायंत्र,
ज्याची सुई दर वेळी थोडा विचार करून उत्तर दाखवायची.
काम सोपं. झाडाला नंबर, बुंध्याचा घेर,
आणि शेंडा जिकडे, तिकडे एक बाण.

एक, गुलमोहर, शेंडा नैर्ऋत्येला.
दोन, काशीद, नैर्ऋत्येला.
तीन, सुबाभूळ.
नऊपर्यंत सगळी खाडीकडे तोंड करून झोपलेली.
दहावा सोनमोहर मात्र रस्त्यापलीकडून उलटा आलेला,
नवव्याचं काही राहिलं असेल, ते द्यायला निघाल्यासारखा.
मग अकरा, बारा, तेरा तसेच.
दुपारी शाळेच्या कट्ट्यावर बसून वही आडवी धरली
तर पानभर बाण
दोन्ही काठांनी मधल्या रेघेकडे वळत होते.

पदूबाई मढवीच्या पडवीवर तेविसावं झाड.
ती म्हणाली, "वारा पाठीत मारतो, बाय.
यानं तांदळाचा पिंप दारातून भायेर नेला
नि मंग खिडकीतून परक्याचा पत्रा आत आनला.
घेतलं ते घेतलं, वर दिलं पन."
हसली. मग माझ्या पेनाकडे बघून:
"लिवलंस?"

लिहिलं होतं.
साहेबांनी वही पाहिली, चष्मा शर्टाला पुसला.
"शासन निर्णयात वादळ आहे, अतिवृष्टी आहे, वीज आहे.
वावटळ नाही.
फाइल वर गेली की विचारतील, ही काय असते?
तोवर पाऊस यांच्या चुलीत."
वाईट माणूस नव्हता. त्याच्या डब्यातली अर्धी पोळी
रोज माझी असायची.

रात्री कोऱ्या तक्त्यावर
एकसष्ट बाण मी फिरवले.
नैर्ऋत्येला, नैर्ऋत्येला, नैर्ऋत्येला.
गोषवारा: ईशान्येकडून सोसाट्याचा वारा, झाडे एकशे सत्तेचाळीस.
ताडपत्री चौथ्या दिवशी आली,
पैसे गणपती उठल्यावर.
पदूबाईनं पत्र्यांवर पत्रे चढवले,
परक्याचाही ठेवून घेतला.

परवा एक मुलगा आला, हवामानाचा अभ्यास करतो.
खारेगावची वावटळ त्याच्या नकाशावर आहे,
दिव्याचीही, कुणा नाखव्यानं पाहिली म्हणून.
"तुमच्याकडे साधा वारा होता," तो म्हणाला,
माझीच सही असलेला कागद माझ्यापुढे सरकवत.

मी चहा ठेवला. उतू गेला.
वही कपाटात होती, शेजारच्या खोलीत,
दहा पावलांवर.
आधी त्याला चपला घालायला सांगितल्या.

पदूबाईच्या जागी सात मजले आहेत,
शाळेचा कट्टा नाही, सोनमोहरांच्या जागी गाड्या.
पण खाडीच्या बांधाला चाळीस नंबर पडून आहे अजून.
भेंडी. कुणाच्या वाटेत नव्हती, म्हणून कुणी तोडली नाही,
आणि अर्धं मूळ मातीत राहिलं म्हणून मेली नाही.
आडव्या खोडावर आता पाच उभ्या फांद्या आहेत,
पिवळी फुलं, मुंग्या, कुणाचं तरी वाळत घातलेलं जाळं.

"शेंडा कुठे?" मी विचारलं.

तो वाकला. मोबाइल खोडावर आडवा ठेवला,
सरळ केला, पुन्हा ठेवला.
मग खाडीकडे पाठ करून
बराच वेळ रबाळ्याच्या दिशेला बघत राहिला.
मी पिशवीतून वही काढली.